आरशातला दिवस

“भाभीजी, तुम्हाला तेव्हा झोप लागली होती ना?” भूपेंद्र वकिलांनी हे फार मायेनं विचारलं. लाडकुंवर त्या वेळी चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवत होती. बशी टीपॉयवर जराशी वाजली, बाकी काही झालं नाही. तिच्या नवऱ्यानं, दलिचंदनं, वर्तमानपत्राची घडी उलगडली आणि पुन्हा तशीच घातली. खुर्चीच्या कडेवर बसलेला अमन तिच्या वतीनं म्हणाला, “मम्मीला गाडीत बसलं की झोप लागतेच.” ते खोटं नव्हतं. लग्न होऊन जळगावला आल्यापासून ती गाडीत झोपतच आली होती, नवरा चालवतोय म्हणजे आपण डोळे मिटायला हरकत नाही अशा भरवशानं. वकिलांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी टिपलं. ती होही म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. स्वयंपाकघरात परत आली, ओट्याला टेकून उभी राहिली, आणि तिला कळलं की आपल्याला आत्ता एक झोप देण्यात आली आहे. ती मागितली नव्हती, पण आता घेतली की अंगावर ओढून पडून राहायचं, एवढंच काम उरलं होतं.

तीन आठवडे झाले होते. धुळ्याला तिच्या बहिणीकडे सून आजारी होती म्हणून दोघं भेटायला गेली होती, आणि परतताना मुकटीच्या पुढे दलिचंदच्या गाडीनं पितांबर नावाच्या शेतकऱ्याच्या मोटरसायकलला मागून धडक दिली होती. पितांबर धुळ्याच्या दवाखान्यात पडून होता, डोक्याला मार, खुब्याचं हाड फुटलेलं, पाय वजनं लावून ताणलेला. हे एवढं सगळ्यांना माहीत होतं. फक्त ‘मागून’ हा शब्द कोणाला माहीत नव्हता. दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं तेव्हा दलिचंद म्हणाला होता, “एकदम आडवा आला. मी ब्रेक मारला, तोवर घसरला होता.” खोटं बोलायचं असं ठरवून तो बोलला नव्हता, हे लाडकुंवर कुठल्याही देवासमोर सांगू शकली असती. त्याच्या शर्टाला रक्त लागलेलं होतं, ज्यानं दुकानात कापडाचं माप कधी बोटभर कमी दिलं नाही असा तो माणूस. आधी ते तोंडातून गेलं, आणि मग ते खरं करत बसणं आलं. पोलिसांनीही तेच टिपून घेतलं. जखमी शुद्धीवर आला की त्याचा जबाब घेऊ, म्हणाले. आता पितांबर शुद्धीवर होता, बोलत होता, आणि म्हणूनच भूपेंद्र वकील घरात चहा पीत होते.

अमननं पहिल्याच रात्री वकील करू म्हटलं होतं. दलिचंद त्याच्यावर खेकसला होता. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, आणि व्यापाऱ्यानं तर तिकडे पाहूही नये, हे त्याच्या बापाकडून आलेलं. बाजारात कुणाचं कुणाशी फाटलं तर चार मोठी माणसं मध्ये बसतात, दोघांना एका ताटात जेवायला लावतात आणि मिटवतात. वकील केला म्हणजे अर्धं भांडण कबूल केलं, असं तो म्हणायचा. मिटवायचं तसं त्यानं मिटवत आणलंच होतं. दवाखान्याचं बिल तो भरत होता, फळं नेत होता, पितांबरच्या बायकोला, धुरपदाबाईला, ‘अक्का’ म्हणत होता. पण पोलीस जबाबाला येणार म्हटल्यावर त्याची झोप उडाली, आणि जो माणूस वकिलाचं नाव काढू देत नव्हता, त्यानं स्वतः फोन लावला. आता बाहेरच्या खोलीतून भूपेंद्र वकिलांचा समजूतदार आवाज आत येत होता. “शेठ, वकील करायचा तर पहिल्या दिवशी करावा. लोक सगळं बोलून झाल्यावर येतात, मग आम्ही काय बोलणार? तुमचं नशीब, की त्यांनी अजून कुणी केलेला नाही. उद्या त्यांना कुणी शहाणा भेटला, तर विम्याच्या कंपनीवर दावा लागेल. माणूस जन्माचा अधू होणार, भरपाई मोठी मिळते. पण एकदा त्यानं स्वतःच लिहून दिलं, की मी आडवा आलो, माझी चूक, माझी तक्रार नाही, आणि जबाबही तसाच दिला, की मग त्यानं मुंबईचा वकील आणला तरी तो काय करील?”

लाडकुंवर दारात आली. “कंपनीच देणार असेल तर देऊ दे ना त्यांना,” ती म्हणाली. वकील हसले, वाईट नाही, लहान मुलाकडे बघून हसतात तसे. “पैसे कंपनी देईल हो, भाभीजी. पण फौजदारी शेठजींवर होईल. या वयात बाकावर बसायचं, नाव पुकारलं की उठायचं. आणि तुम्ही एकट्या साक्षीदार.” मग ते दलिचंदकडे वळले. “आणखी एक. उद्या तुमची संवत्सरी. परवा तुम्ही सगळीकडे हात जोडत फिरता, मला माहीत आहे. तिथं मात्र कागदावर सही होईपर्यंत जायचं नाही. क्षमा मागितली म्हणजे कबुली दिली.” वर्षानुवर्षं खमतखामणाच्या, म्हणजे क्षमा मागायच्या, दिवशी सकाळपासून दलिचंद बाजारपेठेत दुकानादुकानात जाऊन हात जोडायचा, ज्या हमालावर आवाज चढवला असेल त्याच्यासमोरसुद्धा. त्यानं चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसला. “परवा दुपारी मी आणि अमनभाऊ कागद घेऊन धुळ्याला जातो,” वकील म्हणाले, “मग तुम्ही खुशाल जा.”

संवत्सरीचा दिवस लाडकुंवरनं जैन स्थानकात काढला. निर्जळी उपवास होता, पण भुकेचं तिला काही वाटेना. साध्वीजी बोलत होत्या आणि ती समोरच्या बाईच्या पाठीवरल्या पदराकडे बघत होती. संध्याकाळी प्रतिक्रमणात सगळ्या जणी एका सुरात म्हणू लागल्या, पाण्यातल्या जिवांना, वाऱ्यातल्या जिवांना, हिरव्या पाल्यातल्या जिवांना माझ्याकडून जे दुखलं असेल ते निष्फळ होवो. हिरवा म्हटलं आणि तिला तो चारा दिसला. मोटरसायकलच्या मागे आडवा बांधलेला मक्याचा ओला भारा, दोन्ही बाजूंनी लोंबणारा, आणि त्याच्या पलीकडे माणसाची नुसती टोपी. काय हिरवा आहे, असं तिच्या मनात आलं होतं. तेवढाच विचार पूर्ण व्हायला वेळ मिळाला.

कारण ती झोपली नव्हती. चातुर्मासात तिचा चौविहार असतो, दिवस मावळल्यावर अन्न नाही आणि पाण्याचा थेंब नाही. अंधारात ताटात एखादा जीव पडेल, दिसणार नाही, चावला जाईल, म्हणून. त्या दिवशी बहिणीकडे बोलता बोलता निघायला उशीर झाला होता, आणि बहिणीनं भरून दिलेला डबा तिथंच ओट्यावर राहिला होता. तिनं दुपारपासून काही खाल्लेलं नव्हतं. जळगाव गाठणं शक्य नव्हतं, पण पारोळ्याला ओळखीचं घर होतं, तिथं दोन घास आणि पाणी झालं असतं. सूर्य पाठीमागे होता. मागची काच धुळीनं भरलेली, तिला मान वळवून काही दिसेना. म्हणून ती म्हणाली, “बघा ना जरा आरशात, दिवस किती राहिला.” त्यानं गाडीचा वेग वाढवला, मान उचलून आरशात पाहिलं, आणि म्हणाला, “आहे अजून, हातभर आहे.” तो बघत होता तिच्यासाठी, आणि ती बघत होती समोर, त्या हिरव्या भाऱ्याकडे. तो भारा आडवा येत नव्हता. रस्त्याच्या डाव्या कडेनं सरळ चालला होता. तिनं तोंड उघडलं. मग धक्का. फार मोठा आवाजही झाला नाही, चारा होता ना मध्ये.

पण तिला रात्री उठवून बसवायचं ते याहून पुढचं. ती खाली उतरली. माणूस रस्त्याच्या कडेला पालथा पडला होता, चारा सगळीकडे सांडला होता, दलिचंद “अरे भाऊ, अरे भाऊ” करत धावला होता. आणि तिची नजर मावळतीकडे गेली. एक क्षण, पण गेली. दिवस आहे का अजून, पाणी पिता येईल का, हे तिनं त्या क्षणी बघितलं. हे कुणी पाहिलं नव्हतं. कुठल्या वकिलाला विचारताही आलं नसतं. मग तिनं बाटलीतलं उकळलेलं पाणी पितांबरच्या तोंडाला लावलं, दोघांनी त्याला मागच्या सीटवर घातलं, तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि दलिचंदनं गाडी धुळ्याकडे उलटी फिरवली. आता सूर्य समोर होता, पुऱ्या काचेत, लालभडक. मघाशी जो आरशात शोधावा लागला तो आता डोळ्यांतून काढता येईना. दवाखान्याच्या ओसरीवर दलिचंद तिच्याजवळ येऊन उभा राहिला होता. हात रक्तानं माखलेले. आणि म्हणाला होता, “तुझं पाणी प्यायचं राहिलं ना?” तेव्हा काळोख पडला होता. ती रात्रभर तशीच राहिली. या माणसावर रागवायचं कुठून, हे तिला तीन आठवड्यांत उमगलं नव्हतं.

आणि गेल्या वेळी दोघं भेटायला गेली तेव्हा पितांबर बोलला होता. त्यानं उशीवरून डोकं उचलायचा प्रयत्न केला, दलिचंदकडे बघून दोन्ही हात जोडले. “शेठ, माफ करज्यात. मीच आडवा उनू व्हसू. माले काही याद नही. पन तुम्हीन सांगतस म्हनजे तसंच व्हई.” दलिचंद घाईनं म्हणाला, “असू दे भाऊ, असू दे.” लाडकुंवर सफरचंदाची पिशवी हातात धरून उभी होती. ज्यानं क्षमा मागायची तो देत होता, आणि ज्यानं द्यायची तो मागत होता, आणि हे सगळं तिच्या देखत, भरदिवसा.

खमतखामणाच्या सकाळी ती दलिचंदला म्हणाली, “माझं पारणं या वर्षी बहिणीकडे धुळ्याला करीन म्हणते.” त्यानं तिच्याकडे पाहिलं. दरवर्षी पहिल्यांदा ती दोघं एकमेकांसमोर हात जोडायची, मग बाकीच्या जगासमोर. त्यानं हात जोडले. “वर्षभरात काही कमीजास्त बोललो असेन,” तो नेहमीचं म्हणाला आणि पुढचं विसरला. तिनंही हात जोडले. तिला वाटलं आत्ता बोलावं, पण बोलली असती तर तो ‘जाऊ नको’ म्हणाला असता, आणि ‘जाऊ नको’ म्हटल्यावर जाण्याची तिला सवय नव्हती.

बस एरंडोलच्या स्टँडवर थांबली, सुटली. सूर्य पाठीमागे चढत होता. तिला भडगाव आठवलं, गिरणेच्या काठचं माहेर, आणि तिचा बाप. कापसाचा व्यापारी, तोंडाचा फटकळ. खमतखामणाला निघताना तो तिला बोटाशी धरायचा आणि सगळ्यात आधी जायचा ते लोटन गाडीवानाच्या झोपडीवर, ज्याच्याशी त्याचं वर्षभर वाजायचं. भाईबंदांची घरं मागून. “शेजाऱ्यापाजाऱ्याला हात जोडायला काय लागतं?” तो म्हणायचा. “जिथं पाय जड होतात तिथं आधी जायचं. नाहीतर ती क्षमा नाही, हवापालट.” लोटन कधी ओट्यावर बस म्हणायचा, कधी म्हणायचाही नाही. एका वर्षी त्यानं नुसतं ऐकून घेतलं आणि बैलाला वैरण घालायला निघून गेला. परत येताना तिनं विचारलं होतं, त्यानं माफ केलं का? बाप म्हणाला, “ते त्याचं काम. आपलं झालं.” हे सगळं तिनं संसारात कधी वापरलं नव्हतं. संसारात जड पायांची दारं नवऱ्यानं आणि मुलानं सांभाळली होती, तिच्या वाट्याला हलकी आली होती. पारोळं गेलं. मग ती जागा आली. रस्त्याच्या कडेला मक्याची सुकलेली ताटं अजून चिखलात रुतलेली होती. बस तिथं हलली नाही, डुलली नाही. शेजारची बाई शेंगा सोलत होती. लाडकुंवरनं पुढची दांडी धरली.

वॉर्डात धुरपदाबाई नवऱ्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत होती. लाडकुंवरला बघून तिनं लगबगीनं स्टूल पदरानं झटकलं. “या, मावशी, बसा. शेठ नही उनात? वकीलभाऊ येनार शेतस ना दुपारले, सही लेवाले. आम्हीन सही करी देसूत. तुम्हीन बठ्ठं करं आमनं, आम्हले काय करनी शे कोर्टकचेरी?” तिची मुलगी कामिनी खिडकीपाशी उभी होती, पॉलिटेक्निकला जाणारी, अबोल पोरगी. लाडकुंवर बसली नाही. पलंगाच्या पायाशी उभी राहिली, जिथं पितांबरला मान न उचलता दिसेल अशी, आणि हात जोडले. ओठ सुकले होते, जीभ टाळूला चिकटत होती. “आज आमचा क्षमा मागायचा दिवस असतो,” ती म्हणाली. धुरपदाबाईनं तिचे हात धरले. “आसं काय करतस, मावशी? आम्हीन तुमना पाय धराले पाहिजे.”

“हात सोडा, धुरपदाबाई. आधी ऐका.” मग तिनं पितांबरकडे पाहिलं. “भाऊ, तुम्ही आडवे आला नाहीत. तुम्ही तुमच्या कडेनं सरळ चालला होता. आमच्या गाडीनं मागून धडक दिली. त्यांचं लक्ष समोर नव्हतं, आरशात होतं, दिवस किती राहिला ते बघत होते. आणि ते बघा म्हणून मीच सांगितलं होतं.” कुठल्यातरी पलंगावर कुणीतरी खोकलं. “आज कोणत्याही कागदावर सही करू नका. जबाबात आडवा आलो असं सांगू नका. आधी वकील करा, तुमचा स्वतःचा, आमच्या ओळखीचा नको. आजच करा. उशीर केला की काही उपयोग होत नाही. त्याला म्हणावं, विम्याच्या कंपनीवर दावा लाव. आणि साक्षीला माझं नाव दे. मी जागी होते.”

धुरपदाबाईनं हात सोडले. ती रागावली नाही, रडली नाही. तिनं ओलं फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, पुन्हा बुडवलं. मग खाली बघतच म्हणाली, “मंग इतला दिन काबर नही सांगं?” लाडकुंवरजवळचं उत्तर सांगण्यासारखं नव्हतं. एका घरात राहायचं असतं, एका ताटात जेवायचं असतं, असलं काहीतरी. ती त्या बाईच्या डोळ्यांतली मावशी हळूहळू निघून जाताना बघत राहिली. स्टूल मध्ये तसंच रिकामं होतं. आता कुणी बसा म्हणत नव्हतं.

“म्हनजे मी आडवा उनू नव्हतू,” पितांबर छताकडे बघत म्हणाला. “रोज रातले इचार करस मी, काबर वळनू व्हसू आडवा? मना खेत तं डावीकडे शे. काय बुद्धी व्हयनी व्हई माले? माले वाटे, डोकंच फिरी गयं मनं.” त्याच्या डोळ्याच्या कडेनं पाणी कानाकडे ओघळलं आणि त्याला ते पुसता येईना. “पुन्हा एक सावा सांगा, माय.” तिनं पुन्हा सांगितलं. तुम्ही सरळ चालला होता. चारा हिरवागार होता, मी पाहिला. त्यानं डोळे मिटले. कामिनीनं खिडकीपासून हलून बापाचं तोंड पुसलं, मग लाडकुंवरकडे न बघता विचारलं, “कोर्टाजवळ बसतात ना वकील? मी जाऊन येते.” आणि ओढणी घेऊन निघाली. पोरगी दारातून दिसेनाशी झाली तेव्हा लाडकुंवरला पहिल्यांदा भीती वाटली. आता ते मागे घेता येणार नव्हतं. बाकावर बसलेला, नाव पुकारल्यावर गुडघ्यावर हात ठेवून उठणारा दलिचंद तिला दिसला, आणि तिला त्याची इतकी दया आली, की तिथल्या तिथे धावत त्या पोरीला परत आणावं असं वाटलं. ती हलली नाही.

बाहेरच्या ओसरीवर ती बाकावर बसली. हीच ती ओसरी. फोन वाजला. पलीकडे बाजारातले आवाज होते, त्याचं हात जोडत फिरणं चाललं असावं. “बहिणीचा फोन आला होता,” दलिचंद म्हणाला. “तू तिथं पोचली नाहीस अजून. कुठे आहेस?”

“दवाखान्यात,” ती म्हणाली. “मी त्यांना सांगितलं. मी झोपले नव्हते ते. आरशाचंसुद्धा.”

बाजारातले आवाज येत राहिले, कुणीतरी “खमतखामणा, शेठ” म्हणून गेलं आणि त्याला उत्तर मिळालं नाही. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. तो ओरडेल म्हणून तिनं फोन जरा कानापासून दूर धरला. अमनला देईल, वकिलाला लावतो म्हणेल, असं काहीबाही तिच्या मनात येऊन गेलं. तो बोलला, तेव्हा त्याचा आवाज त्या संध्याकाळचा होता.

“पाणी प्यालीस का?”

ओसरीवर ऊन आलं होतं. तिच्या पावलांपासून पार जिन्यापर्यंत पसरलं होतं. मावळायला फार अवकाश होता.

“नाही,” ती म्हणाली. “तुम्ही या. वकील नको, एकटेच या. तुमचे हात जोडून झाले, की मग पिते.”